यंत्र अंगात, मूल मैदानात

शस्त्रक्रिया नीट पार पडते, टाके सुकतात आणि घरी सोडायच्या दिवशी आई-वडील डॉक्टरांना दोन गोष्टी हमखास विचारतात. शाळेत कधीपासून पाठवायचं? आणि खेळला तर चालेल ना? पहिल्या प्रश्नाला तारीख मिळते. दुसऱ्याला बहुतेक वेळा "जरा जपून" एवढंच उत्तर मिळतं. घरी पोचेपर्यंत त्या 'जरा जपून'चं 'नकोच' होतं, शाळेत पोचेपर्यंत त्याचा नियम होतो, आणि पी.टी.च्या तासाला ते मूल वर्गातल्या इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत पायऱ्यांवर बसलेलं दिसतं.

छातीत किंवा पोटात पेसमेकर, काळजाची लय बिघडली तर आतूनच शॉक देणारं आयसीडी, कानामागे कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात उतरवणारा शंट. ही यंत्रं घेऊन वाढणारी मुलं आता शहरातल्या मोठ्या इस्पितळापुरती राहिलेली नाहीत. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, सोसायटीच्या आवारात आहेत, गावच्या जत्रेतही आहेत. त्यांनी पळावं का, पोहावं का, कबड्डी खेळावी का, या प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत वैद्यकशास्त्राचं मत पुष्कळ बदललं आहे. घरात आणि शाळेत मात्र अजून जुनाच धाक चालतो. हा धाक प्रेमापोटी येतो, हे खरं. पण त्याची किंमत मूल मोजतं, आणि बरेचदा ती विनाकारण मोजतं.

सर्वांत मोठा बदल झाला तो हृदयाच्या यंत्रांबाबत.

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाला मिळाला. पुढे त्यांना एकामागून एक सव्वीस पेसमेकर बसवले गेले आणि ते २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. मिशेल मिरोव्स्की यांच्या चमूने बनवलेलं आयसीडी १९८० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात पहिल्यांदा माणसाला बसवलं. दोन्ही यंत्रं मोठ्यांसाठी घडलेली. मुलांच्या वाट्याला ती नंतर आली. त्यामुळे मुलांबद्दलचे नियमही अनुभवातून न येता सावधगिरीतून आले. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २००५ सालच्या शिफारशींमध्ये आयसीडी असलेल्या खेळाडूला गोल्फ, बोलिंग, बिलियर्ड्‌स अशा अगदी हलक्या खेळांपुरतीच परवानगी होती. फुटबॉल, बास्केटबॉल, धावण्याच्या शर्यती, सगळं बंद. या बंदीमागे भीती अनेक होत्या: जोरात धावताना शॉक पुरेसा पडणार नाही, पडला तर खेळाडू कोसळून जखमी होईल, यंत्राची तार तुटेल. पण असं खरोखर किती वेळा घडतं, हे तेव्हा कुणी मोजलेलं नव्हतं.

ते मोजलं येल विद्यापीठाच्या डॉ. रेचल लँपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. डॉक्टरांचा सल्ला काहीही असो, आयसीडी असलेली कित्येक माणसं खेळतच होती. या चमूने त्यांनाच नोंदवहीत घेतलं. १० ते ६० वर्षं वयाचे ३७२ खेळाडू. त्यांच्यावर अडीच वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं आणि २०१३ साली निष्कर्ष छापले. स्पर्धेत किंवा सरावात ३७ जणांना शॉक बसले, म्हणजे दहा टक्के. पण शॉक इतर हालचालींच्या वेळीही बसले, स्वस्थ बसलेल्या माणसांनाही बसले. खेळताना एकही मृत्यू झाला नाही. शॉकमुळे किंवा लय बिघडल्यामुळे मैदानावर कुणाला मोठी इजाही झाली नाही. याच नोंदींतल्या २१ वर्षांपर्यंतच्या १२९ तरुण खेळाडूंचा वेगळा अभ्यास २०१८ साली आला. शॉक त्यांनाही बसले होते, पण मृत्यू तिथेही नव्हता.

या आकड्यांनी शिफारशींची भाषाच बदलली. २०१५ साली अमेरिकी संस्थांनी सरसकट बंदी सैल केली. २०२५ सालच्या नव्या मांडणीत 'पात्र' आणि 'अपात्र' असे शिक्के मारण्याऐवजी डॉक्टर, मूल आणि पालक यांनी सगळं समजून घेऊन एकत्र निर्णय घ्यावा, यावर भर आहे. 'एकत्र निर्णय' हे शब्द गुळगुळीत वाटू शकतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ इतकाच की बारा वर्षांच्या मुलीला काय खेळायचं आहे, हे आता निदान तिला विचारलं जातं.

मैदानावरचं सर्वांत ठळक उदाहरण ख्रिस्तियान एरिक्सनचं. १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेत फिनलंडविरुद्ध खेळताना हा डेन्मार्कचा फुटबॉलपटू कोपनहेगनच्या मैदानावर कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. बाहेरच्या डिफिब्रिलेटरने तो वाचला आणि नंतर त्याला आयसीडी बसवलं. तेव्हा तो इटलीतल्या इंटर मिलानकडे होता, आणि इटलीच्या नियमांत आयसीडी घेऊन तिथल्या लीगमध्ये खेळणं बसत नव्हतं. म्हणून तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडे गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा मैदानात उतरला. एकच माणूस, एकच यंत्र. एका देशात बंदी, दुसऱ्या देशात खेळ. नेदरलँड्सच्या डेली ब्लिंडनेही आयसीडी घेऊन वर्षानुवर्षं वरच्या दर्जाचा फुटबॉल खेळला. बेल्जियमचा अँथनी व्हॅन लू २००९ साली सामना चालू असताना खाली पडला, त्याच्या आयसीडीने शॉक दिला आणि काही क्षणांत तो उठून बसला. ते चित्रण जगभर पाहिलं गेलं. यंत्र कशासाठी बसवतात, हे त्याहून स्पष्ट दाखवणारं दुसरं काही नसेल.

पण इथेच थांबून आई-वडिलांनी मुलाला बूट चढवावेत, असं नाही. आयसीडी म्हणजे खेळायचा परवाना नव्हे. मुलाला ते का बसवलं, हे यंत्रापेक्षा महत्त्वाचं. काही आनुवंशिक आजारांत धावण्या-पोहण्याचा ताण हाच लय बिघडवणारा धक्का असतो. लाँग क्यूटी नावाच्या विकाराच्या एका प्रकारात तर पोहणं हे ठरलेलं निमित्त. अशा मुलाची रोजची गोळी चुकणं हे खेळण्याहून जास्त घातक. शिवाय मुलाचं हृदय धावताना सहज १९०-२०० पर्यंत जातं. यंत्र मोठ्या माणसाच्या हिशेबाने लावलेलं असेल तर ते या निरोगी धडधडीलाच आजार समजून शॉक देऊ शकतं. म्हणून यंत्र कुठल्या वेगाला जागं होणार, ही मर्यादा मुलांसाठी मुद्दाम वर ठेवतात. एकदा अनाठायी शॉक बसलेलं मूल पुढे कित्येक महिने पळायला घाबरतं. छातीवर लाथ बसावी तसा तो धक्का असतो, असं सांगणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्या भीतीवर वेगळा उपचार लागतो. "काही होत नाही, पळ" असं म्हणून ती जात नाही.

पेसमेकरचं दुखणं वेगळं आणि तुलनेने कमी चर्चेतलं. जन्मतःच हृदयातला विजेचा मार्ग तुटलेला असणं, याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. अगदी लहान बाळाच्या शिरा बारीक, छाती चिमुकली. त्यामुळे तारा हृदयाच्या बाहेरच्या बाजूला टाचतात आणि बॅटरीची डबी पोटाच्या स्नायूंखाली ठेवतात. मूल मोठं झालं की डबी गळपट्टीच्या हाडाखाली येते आणि तार शिरेतून हृदयात जाते. वाढत्या उंचीसाठी तारेला थोडा झोल मुद्दाम ठेवलेला असतो. बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, म्हणजे बालपणापासून म्हातारपणापर्यंत कित्येक शस्त्रक्रिया ठरलेल्या.

आता हे खेळाच्या भाषेत. डबी पोटात असलेल्या मुलाला लगोरी, खो-खो, बॅडमिंटन याची फारशी अडचण नसते. कबड्डीत मात्र पोटावर पडणं, कमरेला मिठी बसणं, अंगावर चार जण येणं हे खेळाचंच अंग आहे. कुस्तीतही तेच. ढोलपथकात जायचं असेल तर कमरेला बांधलेला ढोल नेमका कुठे टेकणार, हे ढोल बांधण्याआधी डॉक्टरांना दाखवून घेतलेलं बरं. डबी गळपट्टीच्या हाडाखाली असेल तर प्रश्न तारेचा. हात वारंवार डोक्यावरून फिरवला की तार हाड आणि बरगडी यांच्यामध्ये सापडून झिजते. दिव्याची वायर रोज एकाच जागी वाकवली तर आतली तार तुटते, तसंच. म्हणून डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाच्या डाव्या बाजूला डबी बसवायची की उजव्या, हे शस्त्रक्रियेआधीच ठरवता येतं. फक्त मूल गोलंदाज आहे हे कुणीतरी शल्यविशारदाला सांगायला हवं. सहसा ते सांगायचं राहून जातं.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. हार्ट ब्लॉक असलेलं मूल मैदानाला एक फेरी छान मारतं, दुसरीही मारतं आणि तिसऱ्या फेरीत अचानक पाय गळाल्यासारखं थांबतं. चेहरा पांढरा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. सर म्हणतात, "बघ, सांगितलं होतं ना, याला झेपत नाही." खरा प्रकार निराळा असू शकतो. अशा मुलाच्या हृदयाची वरची बाजू धावताना आपला वेग बरोबर वाढवते आणि पेसमेकर तो वेग खाली पोचवत राहतो. पण यंत्रात वरची एक मर्यादा घातलेली असते. वरचा वेग त्या मर्यादेच्या पुढे गेला की यंत्र काही ठोके सोडू लागतं, काही वेळा तर एकदम एकाआड एक. मिनिटाला १६० वर असलेलं हृदय क्षणात ८० वर येतं, तेही ऐन धावताना. हे ट्रेडमिलवर पळवून पाहिलं की दिसतं, आणि बरेचदा ते दवाखान्यात प्रोग्रामर नावाचं उपकरण छातीवर ठेवून, काही न कापता दुरुस्त होतं. हृदयाचा नैसर्गिक वेगच मंद असलेल्या मुलांच्या पेसमेकरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. त्याला उड्या कळतात, पळणं कळतं. सायकल चालवणं नीट कळत नाही, कारण धड जवळजवळ स्थिर असतं. ज्या मुलीला दोरीच्या उड्या झेपतात पण सायकलवर चढ चढताना दम जातो, तिचा दोष नसतो. सेन्सरच्या सेटिंगकडे पाहावं लागतं. तपासणीला जाताना "बरी आहे" एवढं न सांगता ती काय करताना थकते, हे नेमकं सांगणारे पालक अर्धं काम करून आलेले असतात.

कानाच्या यंत्राची गोष्ट अधिक घरोघरची.

ग्रॅम क्लार्क यांनी मेलबर्नमध्ये १९७८ साली अनेक वाहिन्यांचं कॉक्लिअर इम्प्लांट पहिल्यांदा बसवलं. १९९० साली अमेरिकेने दोन वर्षांवरच्या मुलांसाठी त्याला मान्यता दिली. आता ते एका वर्षाच्या आतल्या बाळांनाही बसवतात. भारतात केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून गरीब घरांतल्या लहान मुलांना ते मोफत मिळतं, आणि त्या कामाची मुख्य संस्था आहे मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था. बहिरेपण लवकर ओळखण्याच्या कामात मोठा वाटा असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही २०१३ साली सुरू झाला तो पालघरमधून.

यंत्राचे दोन भाग. एक कायमचा आत: कानामागच्या हाडात बसवलेला रिसीव्हर, त्यात लोहचुंबक, आणि तिथून शंखाकृती अंतःकर्णात गेलेली इलेक्ट्रोडची तार. दुसरा बाहेरचा: कानावरचा प्रोसेसर आणि चुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल. खेळताना बहुतेक त्रास बाहेरच्या भागाचा होतो. कॉइल निसटते, घाम आत जातो, केबल तुटते. कोकणच्या पावसाळ्यात तर घामाशिवायही ओल धरते, म्हणून प्रोसेसर रात्री ड्राय बॉक्समध्ये ठेवायचा असतो. धावणाऱ्या मुलाला हेडबँड किंवा कपड्याला अडकवणारी क्लिप लागते. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर आणि रंगीत चेंडूंच्या टाकीत स्थिर वीज तयार होते. जुन्या मॉडेलांत त्या ठिणगीने मॅपिंग, म्हणजे त्या मुलासाठी बसवलेला आवाजाचा प्रोग्राम बिघडायची शक्यता असे. नवी यंत्रं बरीच टणक आहेत, तरी घसरगुंडीवर चढण्याआधी बाहेरचा भाग काढून ठेवणं सोपं. आतला भाग पूर्ण सीलबंद असल्याने पोहायला हरकत नसते. प्रोसेसरसाठी पाण्यात चालणारी आवरणं मिळतात. ती नसतील तर प्रोसेसर काढून पोहावं. खोल पाण्यात बुडी मारायची झाली तर प्रत्येक कंपनीने खोलीची मर्यादा दिलेली असते.

प्रोसेसर काढला की मूल पुन्हा ऐकू न येणाऱ्या जगात जातं, हे पोहायला शिकवणाऱ्या सरांना आधी माहीत असायला हवं. काठावरून मारलेली शिट्टी त्याला ऐकू येणार नाही. हात वर केला की थांबायचं, पाठीवर दोनदा थाप दिली की बाहेर यायचं, असं काही आधी ठरवून घ्यावं लागतं. मैदानावरही तेच. यंत्र चालू असलं तरी गोंगाटात, मागून, लांबून आलेलं बोलणं त्याला नीट उमगत नाही. सूचना द्यायच्या तर तोंड त्याच्याकडे करून द्याव्यात. श्रवणदोष असलेल्या खेळाडूंच्या डेफ्लिम्पिक्समध्ये तर नियमच आहे: स्पर्धेत श्रवणयंत्र किंवा इम्प्लांटचा बाहेरचा भाग कुणीच लावायचा नाही. १९२४ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या स्पर्धांमध्ये इशारे दिव्यांनी आणि झेंड्यांनी होतात. म्हणजे सोय करता येते. जिल्हा क्रीडा संकुलातही ती करणं अवघड नाही.

आता डोक्यावर मार बसण्याचा मुद्दा. तो खरा आहे. लहान मुलांत आतला भाग निकामी होण्याचं एक कारण डोक्याला बसलेला मार हे असतं. पण तो मार बहुधा खेळाच्या मैदानावर बसत नाही. चालायला शिकण्याच्या वयात पडणं, पायरीवरून कोलमडणं, दाराच्या कडेला आपटणं हे जास्त. टोरंटोच्या मुलांच्या इस्पितळातल्या संशोधकांनी यात एक मोलाची गोष्ट दाखवली. अंतःकर्णात ऐकण्याचा भाग आणि शरीराचा तोल सांभाळणारा भाग शेजारी शेजारी असतात. जन्मतः बहिऱ्या असलेल्या बऱ्याच मुलांचा तोलही कमकुवत असतो. ज्यांचा तोल बिघडलेला, त्यांच्या इम्प्लांटमध्ये बिघाड होण्याचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. ही मुलं पडतात, म्हणून यंत्र मार खातं.

या निष्कर्षाकडे नीट पाहिलं तर घरातला सगळा युक्तिवाद उलटा होतो. पडेल म्हणून खेळू न दिलेलं मूल तोल शिकत नाही, आणि तोल न शिकलेलं मूल जास्त पडतं. यासाठी महागडी फिजिओथेरपी प्रत्येकाला परवडेल असं नाही. पण एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, हीच मुलांच्या तोलाची एक मान्य चाचणी आहे, आणि लंगडी तर प्रत्येक गल्लीत आहे. एका पायावर उभं राहणं, खडूच्या रेघेवरून चालणं, आधी आईचा हात धरून आणि मग सोडून. अंधारात किंवा डोळे मिटून चालताना मूल लगेच कलंडत असेल तर ऑडिओलॉजिस्टला ते जरूर सांगावं.

रग्बी, बॉक्सिंग, कराटे अशा थेट माराच्या खेळांना बहुतेक केंद्रं 'नको' म्हणतात किंवा हेल्मेटची अट घालतात. बॉक्सिंगला नकार देणं रास्तच आहे. डोक्यावर मार हाच त्या खेळाचा उद्देश. बाकीच्या खेळांबाबत उत्तर इतकं सरळ नाही. इंग्लंडची जोडी ऑन्सली जन्मापासून बहिरी. चौदा महिन्यांची असताना तिला इम्प्लांट बसवलं. पुढे ती इंग्लंडकडून रग्बी सेव्हन्स खेळली, डोक्याला गादीची टोपी घालून. रग्बी सेव्हन्समधली ती पहिली बहिरी महिला आंतरराष्ट्रीय खेळाडू. तिच्या उदाहरणावरून आपल्या मुलाला रग्बीत घालावं, असं कुणी म्हणणार नाही. पण 'अशक्य' हा शब्द वापरण्याआधी तिची आठवण ठेवावी. क्रिकेट आणि सायकलिंगमध्ये हेल्मेट लागतंच. अडचण येते ती कॉइल हेल्मेटखाली सरकण्याची. त्यासाठी काही पालक हेल्मेटच्या आतला कडक फोम कापतात. ते करू नये, कारण तोच फोम डोकं वाचवतो. मोठ्या मापाचं किंवा वेगळ्या आकाराचं हेल्मेट शोधावं, किंवा फलंदाजीपुरता प्रोसेसर काढावा.

शंटचं मूल मैदानावर ओळखू येत नाही. कानामागे एक बारीक उंचवटा आणि मानेतून छातीवर उतरणारी, कातडीखालची नळी, एवढंच. मेंदूतलं पाणी नीट निचरलं नाही तर डोकं वाढतं, डोळे खाली वळतात, मूल दगावू शकतं. हा शंट आजच्या रूपात यायला दोन बापांची धडपड कारण झाली. अमेरिकेत जॉन होल्टर या यंत्रकारागिराचा मुलगा हाच आजार घेऊन जन्मला. तेव्हा त्याने फिलाडेल्फियाचे शल्यविशारद यूजीन स्पिट्झ यांच्यासोबत १९५६ साली एक व्हॉल्व्ह बनवला. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये लेखक रोआल्ड डाल यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या बाबागाडीला टॅक्सीने धडक दिली आणि त्याच्या डोक्यात पाणी साठू लागलं. शंट सारखा तुंबत होता. डाल यांनी मॉडेल विमानांची छोटी इंजिनं बनवणाऱ्या स्टॅन्ली वेड या अभियंत्याला आणि लंडनचे शल्यविशारद केनेथ टिल यांना एकत्र आणलं. तिघांच्या नावाचा व्हॉल्व्ह तयार झाला तोवर मुलाला त्याची गरज उरली नव्हती, पण तो इतर हजारो मुलांच्या उपयोगी पडला. भारताचाही यात मोठा वाटा आहे. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनणारा छाब्रा शंट परदेशी शंटच्या मानाने कितीतरी स्वस्त. युगांडातल्या मबाले इथल्या मुलांच्या इस्पितळात १९५ मुलांवर त्याची महागड्या शंटशी तुलना झाली. २००५ साली आलेल्या त्या निष्कर्षात दोन्ही सारखेच ठरले.

शंट असलेल्या मुलाने खेळावं का, यावर अमेरिकेतल्या मुलांच्या मेंदूशल्यविशारदांचं मत २००४ साली एका सर्वेक्षणात विचारलं गेलं. अंगाला अंग न लागणाऱ्या खेळांना जवळजवळ कुणाचाच विरोध नव्हता. धक्काबुक्कीच्या खेळांबाबत मात्र मतं साधारण तीन भागांत वाटली गेली: एक तृतीयांश डॉक्टर सगळेच बंद करत, एक तृतीयांश काही मोजके बंद करत, आणि उरलेले काहीच बंद करत नसत. खेळामुळे शंट बिघडल्याच्या घटना त्यांच्या अंदाजाने एक टक्क्याहूनही कमी. एकाच प्रश्नावर तज्ज्ञ इतके विभागलेले असतील तर पालकांनी दुसरं मत घेण्यात संकोच करण्याचं कारण नाही.

शंट बिघडतो, आणि तो खूप बिघडतो. लहान वयात बसवलेल्या शंटपैकी मोठा हिस्सा पहिल्या दोन वर्षांतच तुंबतो किंवा बदलावा लागतो, मूल घरात गादीवर ठेवलं तरीही. म्हणून खेळ बंद करण्यापेक्षा बिघाडाची लक्षणं शाळेला पाठ असणं जास्त गरजेचं. सकाळपासून वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, पेंगणं, एरवी बडबड्या असलेल्या मुलाचं गप्प होणं. अशा मुलाला "बाकावर डोकं टेकवून पड" म्हणायचं नसतं, इस्पितळात न्यायचं असतं. सावध राहायच्या जागा मोजक्या आहेत. किशोरवयात मानेतली जुनी नळी चुन्यासारखी कडक होते आणि मान जोरात ताणली तर तुटू शकते, त्यामुळे कुस्तीतले मानेचे डाव टाळलेले बरे. बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल तर चुंबकाची खेळणी आणि चुंबकी झाकणाचे टॅब डोक्याजवळ नेऊ नयेत. ते सेटिंग हलवू शकतात. चेंडूपेक्षा हे खेळणं जास्त धोक्याचं, हे ऐकून बऱ्याच घरांत आश्चर्य वाटतं.

न खेळण्याचे दुष्परिणाम मात्र कुठल्याच फाइलमध्ये लिहिले जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ते १७ वयाच्या प्रत्येक मुलासाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटं चांगल्या हालचालीची आहे. २०२० सालच्या मार्गदर्शनात तिने अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही तेवढीच सांगितली. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलाला लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब इतरांपेक्षा महाग पडतो. आणि मैत्री मैदानावरच होते. ज्याला कुणी संघात घेत नाही त्याला वाढदिवसालाही कमी बोलावणी येतात, हे कुठल्याही आईला विचारावं.

आयसीडीबद्दलचे ते अमेरिकी आकडे जसेच्या तसे इथे लावता मात्र येणार नाहीत. त्या नोंदवहीतली मुलं ज्या मैदानांवर खेळली तिथे अनेकदा बाहेरचा डिफिब्रिलेटर म्हणजे एईडी हाताशी होता आणि तो वापरणारं माणूसही. अमेरिकेची जलतरणपटू डॅना व्हॉलमर हिला किशोरवयात हृदयाच्या लयीचा धोका असल्याचं सांगितलं गेलं. तिला आयसीडी बसवलं नाही, त्याऐवजी तिची आई सरावाला एईडी घेऊन तलावाकाठी बसायची. पुढे व्हॉलमरने २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर बटरफ्लायचं सुवर्ण विश्वविक्रमासह जिंकलं. आपल्या शाळांमध्ये एईडी क्वचितच आढळतो. म्हणूनच छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचं, सीपीआरचं शिक्षण पी.टी.च्या सरांना असणं हा या मुलांसाठीचा पहिला खर्च असायला हवा. सीपीआरला यंत्र लागत नाही.

शाळेच्या दप्तरात एक कागदही हवा. 'हृदयरोगी, खेळापासून सूट' असा एका ओळीचा दाखला मुलाचं नुकसान करतो. त्या जागी डॉक्टरांनी लिहून दिलेलं पानभर हवं: यंत्र कोणतं, शरीरात कुठे, कोणते खेळ मोकळे, कोणते गादी किंवा हेल्मेट घालून, कोणते नाहीत, काय दिसलं की खेळ थांबवायचा, कुणाला फोन करायचा, आणि हे पान पुन्हा कधी तपासायचं. शेवटची ओळ विसरू नये, कारण मूल वाढतं, डबी जागा बदलते, नवं मॉडेल येतं आणि चौथीत लिहिलेली मनाई दहावीपर्यंत तशीच चालू राहते. दहीहंडीच्या थरांवर चढण्याचा प्रश्न चौदा वर्षांखालच्या कुठल्याच मुलासाठी येऊ नये. तिथे कायद्याने आधीच निकाल दिला आहे. बाकी सगळं बोलून ठरवता येतं.

आणि पैशाचं काय, हा प्रश्न बहुतेक लेखांत येत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटच्या मुलांना खेळायला न पाठवण्यामागे पुष्कळ घरांत डोक्याला मार बसण्याची भीती नसते, प्रोसेसर हरवण्याची असते. योजनेतून यंत्र मोफत मिळतं, पण वॉरंटी संपली की केबल, कॉइल, बॅटरी यांचा खर्च घरावर येतो, आणि नवा प्रोसेसर घ्यायचा तर आकडा लाखांत जातो. रोजंदारीवर जाणारा बाप मुलाला ते डोक्यावर लावून खो-खो खेळायला कशाच्या जोरावर पाठवणार? त्याला बेफिकीर किंवा अतिकाळजीवाला ठरवणं हा अन्याय आहे. केरळच्या श्रुतितरंगम योजनेत सरकारने आधी मुलांना इम्प्लांट दिले आणि पुढे जुन्या झालेल्या प्रोसेसरच्या दुरुस्तीची आणि बदलाचीही जबाबदारी घेतली. महाराष्ट्रातल्या पालक संघटनांना राज्याकडे मागायला हे तयार उदाहरण आहे: शस्त्रक्रियेच्या निधीबरोबरच दहा वर्षांच्या सुट्या भागांची तरतूद, आणि त्यात हेडबँड, क्लिप व पाण्यात चालणारं आवरण हेही धरलेलं.